भावाच्या बोटांचा रंग

माझा धाकटा भाऊ मिलमधून परत आला, की त्या दिवशी कुठल्या रंगाचं काम निघालं हे त्याला विचारावं लागत नसे. हात बघितले की कळायचं. राणी रंग असला तर तळवे गुलाबी, मोरपंखी असला तर नखांच्या कडा हिरव्या, आणि नेव्ही ब्ल्यू असला तर विचारूच नका, मनगटापर्यंत सगळं निळंकाळं. सुरतेतल्या एका डाईंग मिलमध्ये तो साड्यांसाठी रंग कालवायचा. हातमोजे मिळत, पण ते घातले की पावडरीचा अंदाज येत नाही असं त्याचं म्हणणं. वर्षानुवर्षं तेच केल्यानं नखांतला निळा मग सुट्टीच्या दिवशीही जात नसे. जेवायला बसला की मी ओरडायचे, "अरे, हात धू." तो दोन्ही हात माझ्या नाकासमोर नाचवायचा. "ताई, धुयेल शेत. आते कातडी काढी ठेवू का?"

आम्ही मूळचे शिरपूरकडचे, घरची बोली अहिराणी, धाकट्यानं ती सोडली नाही. वडील लूम चालवायला सुरतेत आले आणि नवागामच्या गल्लीत एकावर एक खोल्या चढवत राहिले. आई गेली तेव्हा धाकटा शाळेतही जात नव्हता. त्याची वेणीफणी सोडून सगळं मी केलं. वेणीफणीही केली असती, पण केस राखायला तो तयार नव्हता. मी शिकले, महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले. त्याला मी मारूनमुटकून दहावीपर्यंत ढकलला, पुढे त्यानं हात जोडले. माझं लग्न झालं तरी मी याच घरात राहिले, कारण नवराही इथलाच, मार्केटात साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करणारा. खाली आम्ही, वर पत्र्याच्या खोलीत धाकटा, त्याची बायको आणि बालवाडीतली मुलगी. जेवण एकत्र. भांडणंही एकत्र, आणि ती बहुतेक मीच सुरू करायचे.

माझा स्वभाव असा आहे की मला एखादी गोष्ट थोडी कळली तरी ती पूर्ण कळल्यासारखी मी बोलते. वर्गात ते खपून जातं. पस्तीस पोरांसमोर बाई अडखळल्या तर कसं चालेल? घरातही मग तीच सवय लागते. नवरा म्हणायचा, "हिला विचारू नका, ही सांगते." लोक हसायचे. मीही हसायचे, कारण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

कोरोना आला आणि आम्हा शिक्षकांना घरोघर फिरून ताप, खोकला विचारायची ड्यूटी लागली. हातात बोटाला लावायचं ते मशीन आलं, ऑक्सिमीटर. एका सकाळी मांडवात बसवून ते कसं वापरायचं हे शिकवलं. हात हलू द्यायचा नाही, बोट गार नको, नखांना नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, तेव्हा रंग काढून किंवा दुसरीकडे लावून पुन्हा बघायचं. या शेवटच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग माझ्या डोक्यात पक्का बसला. नव्या नवरींना मी उंबऱ्यावरच बोटं दाखवायला लावायचे आणि मेंदी दिसली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचे, "रंगावर हे मशीन खोटं बोलतं." बायका माना डोलवायच्या. महिन्याभरात मी गल्लीची अर्धी डॉक्टर झाले होते. कुणाला शिंक आली तरी आधी माझ्या दारात.

पहिल्या लाटेत आमच्या गल्लीत गेले ते म्हातारे. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब बसला, की वय झालेलं, शुगर असलेलं, दम्याचं माणूस जपायचं. तरण्याताठ्यांना काही होत नाही, झालं तर सर्दी होईल. दुसऱ्या लाटेत तरुण माणसंही जाताहेत हे मी ऐकलं होतं. डिंडोलीत एक लग्न ठरलेला पोरगा गेला, भेस्तानमध्ये एक लेकुरवाळी बाई गेली. शाळेच्या ग्रुपवर रोज कुणाचा तरी फोटो यायचा, बारशाचा नाहीतर हळदीचा, कारण त्या वयाच्या माणसांचे दुसरे फोटोच नसतात. मी ते बघायचे, हळहळायचे आणि घरी येऊन नवऱ्याची शुगर बघायचे.

त्यात नवऱ्याला ताप आला. त्याच्या गोळ्यांचा डबा माझ्या मसाल्याच्या डब्यापेक्षा मोठा. शुगर, बीपी, वर तंबाखू.  धाकट्याची बायको तेव्हा मुलीला घेऊन माहेरी गेलेली, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती म्हणून. मिल अर्ध्या माणसांवर चालू होती आणि धाकटा जात होता. नवऱ्याला आतल्या खोलीत ठेवलं आणि बाहेरची सगळी धावपळ धाकट्यावर पडली. पडली कसली, मीच टाकली. औषधाच्या दुकानापुढची रांग, रिपोर्ट, डॉक्टरांचा निरोप, नारळपाणी, सगळं. शेजारीण म्हणाली, "त्याला पाठवतेस सगळीकडे, त्याला नाही का भीती?" मी म्हटलं, "अगं, तो घोडा आहे घोडा. त्याला काय होतंय?"

त्यालाही ताप येऊन गेला होता हे मला माहीत होतं. नवऱ्याच्याही आधी. दोन दिवस अंग कसकसलं, एक गोळी घेतली, बॉयलरची झळ लागली म्हणाला. मी मानलं. खोकत होता, पण मिलमधल्या वाफेनं तो बारा महिने खोकायचा. त्याच्या खोकल्याकडे लक्ष द्यायची सवयच आम्हाला नव्हती.

नवऱ्याला मी सारखं मशीन लावायचे. उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपेत कूस बदलली तर तेव्हाही. पंच्याण्णव आला की देवाला नमस्कार, चौऱ्याण्णव आला की डॉक्टरांना फोन. नवरा वैतागायचा, "अगं बोट सुजलं माझं." आतल्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहून धाकटा त्याची फिरकी घ्यायचा. मेहुण्याची चेष्टा करायचा आमच्याकडे साल्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा, हक्क असतो आणि सेवा करायचीही जबाबदारी त्याचीच. जावई उठून पाणी प्यायला गेला तरी तो धावायचा. "जिभाऊ, पडेल राहा. तुमना साला मरी गया का?" आणि दोघं हसायचे, आत नवरा खोकत आणि बाहेर हा.

एका दुपारी डॉक्टर म्हणाले की आकडा आणखी उतरला तर ऑक्सिजन लागेल, घरात सोय करून ठेवा. समाजातल्या काही मंडळींनी सिलिंडरची व्यवस्था केली होती. धाकटा गेला आणि उन्हातून सिलिंडर खांद्यावर घेऊन आला. रिक्षा गल्लीत शिरत नाही, त्यामुळे नाक्यापासून पायीच. आमच्या उंबऱ्याच्या दोन पायऱ्या चढला, सिलिंडर भिंतीला टेकवला आणि तिथेच बसला. शर्ट ओला, ओठ सुकलेले. मी पाणी दिलं. ते त्यानं एका दमात न पिता थांबत थांबत प्यायलं, हे मला आज दिसतं. तेव्हा माझं लक्ष सिलिंडरकडे होतं, त्याचा नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा याकडे.

मशीन माझ्या हातातच होतं. काय मनात आलं कुणास ठाऊक, म्हटलं, "दे बोट. तुझंही बघू." त्यानं निळं बोट पुढे केलं. मशीननं थोडा विचार केला आणि शहाऐंशी दाखवला.

मी हसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणजे आकडा सांगितला, रंगाचं सांगितलं, पण मी हसले हे सांगितलं नाही. "बघ," मी म्हणाले, "तुझी नखं बघून मशीनही घाबरलं. रंगाचा आकडा आहे हा." तोही हसला. "मशीनले वाटनं व्हई साडीच शे." मग मी त्याला लिंबू दिलं. त्यानं मोरीत बसून लिंबानं, मग कपड्याच्या साबणानं बोट घासलं. पुन्हा लावलं. सत्त्याऐंशी. "बघ, चोळल्यावर एक वाढला," मी म्हणाले, "नखात मुरलाय, एवढ्यात जायचा नाही." आणि जिना नाही, दोनच पायऱ्या, पण ओझं आणलं म्हणून दम लागला असंही वर जोडून दिलं. एका आकड्याला मी दोन दोन कारणं दिली. मग आत जाऊन नवऱ्याला मशीन लावलं. त्र्याण्णव आला. मला रडू फुटलं आणि मी सिलिंडर ओढत आत नेला.

दोघांची बोटं एकाच मशीनमध्ये गेली होती. एकाचा आकडा मी खरा मानला आणि रडायला लागले, दुसऱ्याचा खोटा मानला आणि हसले.

तो सिलिंडर नवऱ्याच्या उशाशी उभा राहिला. धाकटा वर पत्र्याच्या खोलीत झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी तो मिलला गेला नाही. म्हणाला, "आज आराम करस." मी म्हटलं, "कर. पण आधी तेवढा दवाखान्यातून कागद आण." त्यानं आणला. येताना वाटेत दोन ठिकाणी बसला होता, हे नंतर पानवाल्यानं सांगितलं. संध्याकाळी जेवला नाही, गरम होतंय म्हणाला. गरम तर सगळ्यांनाच होत होतं. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस पापडासारखा वाळतो. मी ताक पाठवलं आणि मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना तो नळापाशी खाली बसला आणि उठलाच नाही. शुद्धीत होता, बोलत होता, फक्त उठता येईना. ओठ निळसर दिसत होते. मला वाटलं, तोंड पुसताना हाताचा रंग लागला असेल. इतकं झाल्यावरही माझं डोकं रंगाकडेच गेलं. शेजारच्या दोघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. मी शेजारी बसले, त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. रस्ताभर तो एकच म्हणत होता, "जिभाऊ एकटा शेत घर. तू माघारी जाय."

सरकारी दवाखान्याच्या आवारात खाटेवरच त्याला तपासलं. तोंडाला दोन मास्क, डोळ्यांभोवती वळ, अशी एक नर्स आली. ती मशीन लावणार एवढ्यात मी म्हणाले, "सिस्टर, बोटांना रंग आहे, बरोबर दाखवणार नाही." कौतुकानं सांगावं तसं सांगितलं. मला सर्व्हेचा अनुभव होता ना. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याची चप्पल काढली आणि मशीन पायाच्या अंगठ्याला लावलं. त्रेसष्ट. मग हाताच्या निळ्या बोटाला लावलं. तिथेही तेच. रंगानं एका आकड्याचाही फरक पडला नव्हता. मशीन पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

"बेन, अत्यार सुधी शुं करता हता?" ती म्हणाली. आतापर्यंत काय करत होतात? तिनं रागानंही विचारलं नाही. दिवसभरात तिनं हा प्रश्न कितीजणींना विचारला असेल.  त्याचे पाय मी बघत होते. पांढरे, स्वच्छ पाय. मिलमध्ये तो गमबूट घालायचा.

डॉक्टर भला माणूस होता. वय विचारलं, एकतीस ऐकून पेन थांबलं त्याचं. दम लागत नव्हता का, असं विचारलं. मी म्हटलं, सिलिंडर उचलून आणला त्यानं. तो म्हणाला की तरुण शरीर बराच वेळ ओढून नेतं, बाहेरून कळत नाही, आणि मग एकदम बसतं. तो समजूत घालत होता. मी त्यातलं एकच धरलं, की बाहेरून कळत नाही म्हणून तर मशीन असतं.

आठवडाभर तो आत होता आणि मी घर आणि दवाखान्याचं फाटक यांच्यामध्ये. एकदा वॉर्डातल्या मुलीनं तिच्या फोनवर त्याला दाखवलं. तोंडावर मास्क, डोळे मोठे झालेले. त्यानं हात वर केला. एवढ्या दिवसांत निळा बराच उतरला होता, नखांच्या मुळाशी पांढरी कोर दिसत होती. "जिभाऊ कशा शेत?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "बरे आहेत, आकडा सत्त्याण्णव." त्यानं अंगठा दाखवला. माझ्या नवऱ्याचा आकडा ऐकून खूश झाला तो. ते त्याचं शेवटचं बोलणं.

आत कुणाला सोडत नव्हते म्हणून थांबलेली त्याची बायको तो गेल्याचं कळताच मुलीला माहेरी ठेवून गाड्या बदलत निघाली होती. ती पोचायच्या आधी सगळं उरकलं. चेहरा पिशवीच्या फटीतून लांबून दाखवला. मला हात बघायचे होते, पण तसं म्हणायची हिंमत झाली नाही, आणि बाकीचे लोकही उभे होते, त्यांचीही माणसं होती. खांदा द्यायला कोणी नव्हतं. नवरा भिंत धरून चालत होता. गल्लीतले दोघे आले, लांब उभे राहिले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नवरा बरा झाला. नातेवाइकांचे फोन यायचे, "देव तारी त्याला कोण मारी." माझ्या तोंडावर यायचं, की मग मारलं ते कुणी? पण मी "हो ना" म्हणायचे. त्या दिवसांत मला नवऱ्याचा राग यायचा. तो बरा होत होता, भाकरी मागत होता, टीव्ही बघत होता, याचा राग. चोरून पुन्हा तंबाखू खाताना सापडला तेव्हा मी ती पुडी त्याच्या अंगावर फेकली आणि म्हणाले, "याच्यासाठी गेला का तो?"  नवऱ्यानं पुडी उचलून कचऱ्यात टाकली आणि बायका रडतात तसा तोंडात टॉवेल धरून रडला. त्यानंतर मी त्याला तसं कधी म्हटलं नाही. त्याचा काय दोष? धाकट्याला मशीन मी लावलं होतं.

गावी गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या विधीला, मोजकी माणसं होती. सगळे माझ्याकडे बोट दाखवून सांगत, या ताईनं आईसारखं केलं, शेवटपर्यंत हिनंच धावपळ केली. धाकट्याची बायको माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्याच वेळी सांगायचं होतं. पण तिचं डोकं मांडीवर असताना कसं सांगणार? पुढे शाळेत आम्हा सर्व्हेवाल्यांचा सत्कार झाला. कोरोना योद्धा म्हणून शाल दिली. टाळ्या वाजल्या. घरी येऊन मी ती शाल कपाटाच्या तळाशी घातली, वर जुनी गोधडी दाबली. नवऱ्यानं विचारलं, "दाखव तरी." मी म्हटलं, "उबेची आहे, हिवाळ्यात बघू."

धाकट्याची बायको सुरतेतच राहिली. त्याच पत्र्याच्या खोलीत. साड्यांना लेस लावायचं काम घरी आणते, मान मोडेपर्यंत करते. तिला मी कमी बोलकी समजायचे. खरं म्हणजे मीच कधी कुणाला बोलू दिलं नव्हतं. मुलगी माझ्याच शाळेत घातली. डबा माझ्याकडे, अभ्यास माझ्याकडे, आजारपण माझ्याकडे. लोक म्हणतात, नणंद असावी तर अशी. मी जेवढं करते तेवढं लोक म्हणतात, आणि जेवढं लोक म्हणतात तेवढं मी आणखी करते. यातून सुटायला एकच वाट दिसत होती, तिला सगळं सांगून टाकणं.

गेल्या आखाजीला सांगितलं. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. खालच्या स्वयंपाकघरात घागर मांडली होती, वर खरबूज ठेवलं होतं. आम्ही दोघी सांजोऱ्या करत होतो, ती लाटत होती, मी तळत होते. नवरा बाहेर गेलेला, मुलगी गल्लीत खेळत होती. मी गॅस बारीक केला आणि सांगायला सुरुवात केली. मशीन, शहाऐंशी, लिंबू, सत्त्याऐंशी, उशाशी नेलेला सिलिंडर, पायाचा अंगठा. वर्गात धडा सांगते तसं क्रमानं सांगितलं, नाहीतर मधेच थांबले असते. हसल्याचं तेवढं तिलाही सांगता आलं नाही.

तिचं लाटणं थांबलं नाही. मी गप्प झाल्यावर तिनं हातातली सांजोरी पूर्ण केली, कडा दाबल्या, ताटात ठेवली. मग म्हणाली, "हाई तुम्ही माले आज कसाले सांगं?"

"राहवेना गं. जीवाला टोचतं."

"तुमना जीव हलका व्हई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मन्हं काय? तुमन्हावर राग धरसू तं उद्यापाईन आठे कशी येसू? माहेरमा आते भावजयना राज शे. माले हाई एकच घर शे. पोरले एकच आत्या शे."

मी म्हटलं, "राग धर. मी सहन करीन." हेही मी बाईसारखंच म्हटलं असणार, परवानगी दिल्यासारखं.

"तुम्ही सहन करशात," ती म्हणाली. "माले परवडाले पाहिजे ना." तिनं पुढची लाटी घेतली. "मी काही ऐकं नही, ताई. तेल तापनं, तळा."

मी तळायला लागले. मला वाटलं होतं, ती ओरडेल, ताट फेकेल, नाहीतर गळ्यात पडेल. या तिन्हींची मी तयारी केली होती. रागावणंसुद्धा परवडावं लागतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिला द्यायला गेले होते ते माझ्याच हातात राहिलं. सांजोऱ्या संपत आल्या तेव्हा ती पुन्हा बोलली, माझ्याकडे न बघता.

"पन पोर मोठी व्हई, तव्हय तिले सांगज्यात. तिना बाप व्हता तो. मी नही सांगाव. तुम्हीच सांगा. ती काय म्हनी ते म्हनी. तव्हय मी मझार पडाव नही."

पोर मोठी झाली की तिला सांगा, मी मध्ये पडणार नाही. मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग आम्ही घागरीला नैवेद्य दाखवला, नवरा आला, सगळे जेवायला बसलो. तिनं माझ्या ताटात तुपाची धार नेहमीसारखीच वाढली.

पोर आता चौथीत आहे, माझ्याच वर्गात. हुशार आहे, उद्धट आहे, आणि एक गोष्ट सांगितली तर तिच्यातून तीन प्रश्न काढते. शाळेत मला टीचर म्हणते, फाटकाबाहेर पडलं की आत्या, आणि मराठीत गुजराती शब्द मिसळते. परवा आम्ही दोघी घरी येत होतो. वर्गात त्या दिवशी आपल्या कुटुंबाविषयी दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. तिनं माझा हात धरला होता, दप्तर मीच घेतलं होतं.

"आत्या," ती म्हणाली, "पप्पांना कोरोना झाला तेव्हा मी ने मम्मी गावी होतो. तू तर इथेच होती ना?"

"हो."

"मग तुला समजलं नाही, पप्पांना बरं नाही म्हणून? तू तर सगळ्यांना तपासायची. मम्मीने सांगितलं."

रस्ता ओलांडायचा होता, रिक्षा येत होत्या. मी तिला घट्ट धरलं. पलीकडे गेल्यावर म्हटलं, "तू मोठी झालीस की सांगते."

"मोठी म्हणजे केटली, किती?" तिनं विचारलं. "पाचवीत?"

 इतकी वर्षं मी मुलांना वरच्या वर्गात ढकलते आहे. या एकीला मात्र अजून थोडी वर्षं चौथीतच ठेवता आलं असतं तर मी ठेवलं असतं. तिनं हात हलवून पुन्हा विचारलं, "बोल ना, आत्या. पाचवीत सांगशील?"

पाचवी जूनपासून सुरू होते.